नऊ गाठोडी, चार रस्ते

अप्पांचं आणि माझं भांडण जुंपायला फारसं निमित्त लागायचं नाही, पण त्या दोन वर्षांत ते नुसतं आतल्या आत धुमसत राहिलं, तेही एकाच विषयावरून. अप्पा म्हणजे माझे वडील. हुबळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. धारवाडहून रोज बसनं जायचे, ड्यूटी संपली की परत. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. पुण्याहून कुणी हुबळीतलं एखादं दुकान मागितलं की या भोकातली दोरी त्या भोकात खुपसायची, झालं काम. मग ती दोन माणसं फोन खाली ठेवीपर्यंत हुबळी ते पुणे ती अख्खी लाईन त्यांचीच.

"एकदा एक व्यापारी 'थांबा जरा' म्हणाला आणि चष्मा शोधायला गेला," अप्पा सांगायचे. "लाईनवर चिडीचूप. मागे कॉलची ही एवढी रांग. पण मी लाईन तोडली नाही. एकदा दिली म्हणजे दिली!" हे सांगताना त्यांची मान अशी काही ताठ व्हायची की आई तोंड फिरवून हसायची. घरातही ते तसंच बोलायचे. आम्ही जेवताना जरा गप्प बसलो की लगेच, "बोला, बोला, लाईन चालू आहे."

पुढे ते बोर्ड गेले, दोऱ्या गेल्या, अप्पा रिटायर झाले. मी टेलिफोन खात्याच्या परीक्षेला बसावं असं त्यांच्या फार मनात होतं. फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. मी म्हटलं, नको, मी कॉम्प्युटर शिकवणार. माझ्या तोंडून ते 'नको' एकदाच निघालं, पण अप्पांना ते दोन वर्षं पुरलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मीही रागावले असते, दोघं मिळून ओरडलो असतो आणि संध्याकाळी एकत्र चहा प्यायलो असतो. त्यांनी काय केलं, तर विचारणंच बंद केलं. अक्का बँकेत होती; ती घरी आली की आज काउंटरवर कोण आलं, साहेब काय म्हणाले, सगळं खोदून खोदून विचारायचे. मी आले की, "चहा घे." बस्स. मला ते लागायचं, फार लागायचं. उगाच कशाला लपवू?

मी शिकवायचे तो क्लास सुभाष रोडला, एका कापडदुकानाच्या माडीवर. सहा कॉम्प्युटर आणि टेलिफोनची एकच लाईन. ती एक लाईन आम्ही सहाही कॉम्प्युटरना वाटून दिली होती. सहा मुलं सहा खुर्च्यांवर बसून सहा वेगवेगळी पानं उघडायची आणि सगळ्यांचं काम चालायचं. हळू चालायचं, मान्य, पण चालायचं. एक मूल पान वाचत बसलं की तेवढ्या वेळात लाईनवरून दुसऱ्याचं काम सरकायचं. कुणी कुणासाठी अडून नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या होत्या, मुलांच्या देखत.

हे अप्पांना सांगायलाच हवं, असं मला वाटलं. लाईनचं कौतुक त्यांच्याइतकं आमच्या घरात कुणाला असणार? एका रात्री जेवताना मीच विषय काढला. म्हटलं, अप्पा, आता निरोप अख्खा पाठवत नाहीत. त्याचे तुकडे करतात. पॅकेट म्हणतात त्यांना. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि नंबर घालतात आणि सोडून देतात. ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिनं तो जातो. पलीकडे पोचले की नंबरवार लावून घेतात. एखादा हरवला तर तेवढाच परत मागवतात. कुणाची म्हणून लाईन अडवून ठेवावी लागत नाही.

अप्पांनी घास खाली ठेवला. "म्हणजे माणसाच्या बोलण्याचे तुकडे करायचे आणि रस्त्यावर टाकायचे?"

"टाकायचे नाहीत हो, पाठवायचे."

"आणि गोळा कोण करणार? तुझा क्लासचा मालक?" असं म्हणून ते हसले, आई हसली, अक्काही हसली. मी ताटावरून उठले. उठायला नको होतं, आमटी फार छान झाली होती.

मग अक्काचं लग्न ठरलं. व्याही कोल्हापूरकडचे, अघळपघळ बोलणारा माणूस. बोलणी आटोपल्यावर ते म्हणाले, "मानपान काही नको, पण तुमच्याकडची ज्वारीची पातळ भाकरी खायला घाला. आणि कडक नको बरं का, दात राहिले नाहीत. मऊ, त्याच दिवशी भाजलेली."

अप्पा छाती काढून म्हणाले, "आमच्या गल्लीची भाकरी! लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही याल तेव्हा पानात असेल. शब्द दिला."

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे कार्य निघालं की ज्वारीचं पीठ गल्लीत घरोघर वाटतात. ज्या त्या घरची बाई आपल्या चुलीवर भाकरी भाजते, आपल्याच धुतलेल्या फडक्यात बांधते आणि कार्याच्या घरी पोचवते. एका घरावर भार नाही आणि कुणाला बोलावलं नाही म्हणून रुसवा नाही. एरवी कडक भाकरी करतात, त्या आठ दिवस आधी झाल्या तरी चालतं. पण मऊ हवी म्हटल्यावर ती त्याच सकाळी भाजायची आणि दुपारच्या आत हुबळीला, कार्यालयात पोचवायची. नऊ घरं, घरटी पन्नास भाकरी. कार्यालयाच्या आचाऱ्याला विचारलं तर त्यानं हातच जोडले. म्हणाला, पुऱ्या सांगा, हे नको.

घरची मंडळी त्याच्याही आदल्या संध्याकाळीच कार्यालयावर गेली. भाकऱ्यांसाठी मला मागे ठेवलं. अप्पांनी जाताना बजावलं, "मॅटाडोर सांगितली आहे. ड्रायव्हर माझा भरवशाचा. सगळ्या भाकऱ्या एकदम चढवायच्या, साडेनऊला गाडी निघाली पाहिजे. एक गाडी, एक माणूस, एक रस्ता. कळलं?"

"अप्पा, दोन-तीन जणांबरोबर थोड्या थोड्या..."

"तुझे तुकडे क्लासात ठेव. हे लग्नकार्य आहे."

सकाळी सात वाजता गल्लीत जिकडेतिकडे थाप-थाप आवाज आणि धूर. नऊ घरांत नऊ तवे तापलेले. या दारातून त्या दारात कन्नडमध्ये चेष्टा, मराठीत उत्तरं. मी एका घरात चहा, दुसऱ्या घरात उप्पीट आणि तिसऱ्या घरात फुकटचा सल्ला घेत फिरत होते. इतकी मजा येत होती की काय सांगू! नऊ वाजता सहा घरांची गाठोडी तयार झाली, सातवं बांधायला घेतलेलं. मॅटाडोर नाक्यावर येऊन उभी. शेवटच्या घरात मात्र चूल रुसली होती, लाकूड ओलं. गाडी थांबून, ड्रायव्हर थांबून, सगळे त्या एका घरासाठी थांबून.

तेवढ्यात समोरच्या घरातले वकील स्कूटरवरून परत आले. हुबळीला निघाले होते, अर्ध्या वाटेतून माघारी. "रायापूरला उसाचा ट्रक आडवा झालाय. गाड्यांची रांग लागली आहे री, चार तास तरी हलत नाही बघा."

 नाक्यावरच्या किराणा दुकानात एसटीडीचा फोन होता, तिथं धावले. कार्यालयात फोन लावला, अप्पांना बोलावलं, सगळं सांगितलं.

"थांब," अप्पा म्हणाले. "गाडी भरून तयार ठेव. रस्ता मोकळा होईल."

"आणि नाही झाला तर?"

"होईल. तोवर धरून ठेव."

माझा पारा असा चढला! व्याही साडेबाराला पानावर बसणार, शब्द ह्यांनी दिलेला, आणि मी काय धरून ठेवू? गरम भाकरी? मी म्हटलं, "अप्पा, नीट ऐका. मी गाडीसाठी थांबत नाही. नऊ गाठोडी येतील. कुठूनही येतील, कुणाबरोबरही येतील, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी येईल. तुम्ही फक्त दारात उभं राहून मोजा. नऊ." पलीकडून काही बोलणं व्हायच्या आत मीच फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांची लाईन मी तोडली. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला.

मग काय, कंबर कसली. वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर कार्यालयाचं नाव, पत्ता आणि 'नवापैकी एक', 'नवापैकी दोन' असं लिहिलं. पिनेनं घरांच्या क्रमानं एकेक चिठ्ठी एकेका गाठोड्याला टोचली. वकिलांच्या स्कूटरवर एक आणि दोन. मागच्या वेळी ते रांग बघून परत फिरले होते, पण त्या ट्रकशेजारच्या शेतातून स्कूटर सहज निघेल असं त्यांना आता सुचलं. भाकरीचा वास आल्यावर माणसाला पुष्कळ सुचतं. शाळेतले मास्तर आणि त्यांची बायको लग्नाला यायला निघालेच होते, पण बसनं. त्यांना म्हटलं, बस सोडा, स्टेशनवर जा, गाडीनं या. त्यांच्या हातात तीन, चार आणि सहा. मॅटाडोरमध्ये पाच आणि सात, आणि ड्रायव्हरला सांगितलं, कलघटगीवरून वळसा घाल. तो म्हणाला, "केवढं लांब पडतंय ते!" मी म्हटलं, लांब पडू दे, उभं राहण्यापेक्षा बरं. आठ आणि नऊ उरली. आठ तयार होतं, नऊच्या चुलीत मी स्वतः फुंकणी घालून बसले. पण बाकीचे आता कुणी त्या चुलीसाठी अडून नव्हते, हे आठवलं की डोळ्यांत धूर जाऊनसुद्धा हसू यायचं.

नववं झालं तशी दोन्ही गाठोडी घेऊन मी बस धरली. रायापूरच्या अलीकडे बस थांबली. उतरले आणि चालायला लागले. दोन हातांत शंभर भाकऱ्या, चेष्टा नाही. पुढे बघते तर जत्राच! रस्ताभर ऊस पसरलेला, अडकलेली माणसं झाडाखाली बसून ऊस खाताहेत, पोरं चघळलेल्या चोयट्यांच्या ढिगावर उड्या मारताहेत. ट्रकचा ड्रायव्हर धडधाकट होता, तोच सगळ्यांना कांडी तोडून देत होता. एका अनोळखी बाईनं काही न विचारता माझ्या हातातलं एक गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं. "ऊट एनु?" जेवण का, एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. ट्रकच्या पलीकडे हुबळीहून आलेल्या बसेस तोंडं फिरवून परत निघाल्या होत्या. तिनं मला त्यातल्या एकीत चढवलं, गाठोडं दिलं आणि गेली. तिला भाकरीसुद्धा देता आली नाही.

बसमध्ये बसले तेव्हा मात्र धीर सुटला. अप्पा रागावून आत जाऊन बसले असतील. दारात कुणीच नसेल. वकील आणून ठेवतील, मास्तर आणून ठेवतील, आचारी कुठेतरी कोपऱ्यात सारेल. आणि काही चुकलं की पुढची वीस वर्षं आमच्या घरात 'तुकडे' हा शब्द चटणीसारखा तोंडी लावतील. मला भाकऱ्यांची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी काळजी ही होती की अप्पा आता माझ्या कामाबद्दल कधीच, कधीच विचारणार नाहीत.

कार्यालयाच्या कमानीत उतरले. अप्पा दारात उभे होते.

धोतरावर नवा कोट, आणि हातात लग्नपत्रिका, मागची कोरी बाजू वर. तिच्यावर नऊ चौकोन आखलेले. मला बघताच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही, गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. "आठ. नऊ." दोन फुल्या मारल्या. "एक, दोन स्कूटरवरून आली. तीन, चार स्टेशनवरून. पाच, सात आत्ता कलघटगीहून आली, तुझा ड्रायव्हर तिथं भजी खात बसला होता."

"आणि सहा?"

"सहा खाल्लं."

"काय?"

मास्तरांच्या बायकोनं तेवढ्यात पुढे येऊन कान धरले. रेल्वेच्या डब्यात गाठोड्यातून वास सुटला. समोरची म्हातारी म्हणाली, कुणाच्या घरची भाकरी ही, किती दिवसांनी असा वास आला. आता समोरच्यानं असं म्हटल्यावर आमच्याकडची कोणती बाई गाठोडं झाकून बसेल? एक म्हातारीला दिली. म्हातारीला दिली म्हणून शेजारच्याला दिली. एका बाकाला दिली मग दुसऱ्या बाकानं काय पाप केलं? हुबळी येईपर्यंत डबा जेवून तृप्त झाला होता, आणि त्या लोकांनी अक्काला भरभरून आशीर्वाद दिले होते. "फडकं आणलंय हो मी," ती बिचारी म्हणाली. त्या फडक्यात डब्यातल्या कुणीतरी दिलेले चार पेरू होते. मला रागवायचं होतं, पण हसूच इतकं आलं की मी पायरीवर बसले.

मामा मात्र घाबरे झाले होते. "पन्नास कमी पडणार! गल्लीत फोन करा, सगळ्यांना म्हणावं परत पिठं मळा, पुन्हा सगळ्या भाकऱ्या करून पाठवा."

"सगळ्या कशाला?" अप्पा त्यांच्या एक्स्चेंजमधल्या आवाजात म्हणाले. "आठ आली आहेत ना? ती वाढा पंगतीला. सहावं तेवढं नाही आलं. मास्तर आल्या आल्या मी नाक्यावरच्या दुकानात फोन केलाय. सहाव्या घराला निरोप गेलाय, पीठ शिल्लक आहे, ती बाई भाजते आहे. रायापूरची एक बाजू आता मोकळी झाली म्हणतात. जी गाडी मिळेल तिनं येईल."

मी पायरीवरून त्यांच्याकडे बघत राहिले. हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं, त्या रात्री जेवताना, सगळे हसले तेव्हा. फोनवर मी फक्त मोजा म्हटलं होतं.

व्याही साडेबाराला पानावर बसले. पहिली भाकरी मोडून त्यांनी वांग्याच्या भाजीत बुडवली आणि डोळे मिटून घेतले. मग जे सुरू झाले ते चौथी भाकरी संपेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. दुसरी पंगत अर्ध्यावर आली तेव्हा सहावं गाठोडं आलं, दुधाच्या टेम्पोतून, अजून कोमट. अप्पांनी उरलेल्या चौकोनात फुली मारली, पत्रिका घडी करून कोटाच्या खिशात ठेवली, आणि पंगतीत न जाता माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले. ट्रकशेजारच्या शेतातल्या चिखलानं माझी साडी घोट्यापर्यंत भरली होती. मला वाटलं, आता त्यावरून बोलतील.

पण साडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मग म्हणाले, "सहावं आलं नाही, हे मला कळलं. का? तर तू नऊ म्हणून आधी सांगितलंस आणि मी दारात उभा होतो. पण तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये दारात कोण उभं असतं गं? हरवलं हे त्याला कळतं कसं?"

आतून आई जेवायला हाका मारत होती, अक्का हाका मारत होती. आम्ही दोघंही उठलो नाही. दोन वर्षांत अप्पांनी माझ्या कामाबद्दल विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता, आणि मला त्याचं उत्तर येत होतं.